पायरीवरच्या ताटल्या

शेषेरावांनी ढिगातून चार ताटल्या बाजूला काढल्या आणि चर्चच्या पायरीवर ठेवल्या. चारही ताटल्यांवर नुकतंच कोरलेलं नाव होतं: मलप्पा.

देगलूरच्या त्या मंडळीत प्रीतिभोजनाला प्रत्येक घर आपल्या ताटल्या आणतं. सगळ्या एकाच ढिगात ठेवतात. ज्याच्या हाती जी येईल तिच्यात तो जेवतो, आणि तिच्यावर ज्या घराचं नाव असेल त्या घरासाठी आठवडाभर प्रार्थना करतो. मुलं तर भात वाढायच्या आधी नाव वाचतात.

मलप्पाचा बाप्तिस्मा गेल्याच रविवारी झाला होता. तो येशूच्या मागं निघाला म्हणून भावांनी घराला कुलूप लावलं. बायको आणि दोन लेकरं घेऊन तो सीमेपलीकडच्या गावातून चालत इथं आला. आता परत जायला दार नव्हतं.

उमाबाईंनी ताटल्या पाहिल्या. पन्नास वर्षं त्या इथं मुलांची रविवारची शाळा घेत होत्या. शेषेरावही त्यांच्याच हाताखाली शिकले आणि पुढं मंडळीचे पंच झाले. सकाळीच बाईंनी अब्राहामाची गोष्ट सांगितली होती. कुठं जायचं ठाऊक नसताना घर सोडणारा माणूस आता असतो का, असं एका मुलीनं विचारलं, तेव्हा त्यांनी मलप्पाकडं बोट दाखवलं होतं.

शेषेराव बाईंना हळू आवाजात समजावू लागले. मलप्पा कालपर्यंत डुकरं राखत होता. लोक कुरकुर करतात. वर्षभर वेगळं चालू द्या, मग बघू.

मलप्पानं ऐकलं. त्यानं ताटल्या उचलल्या, धाकटीला कडेवर घेतलं आणि फाटकाकडं वळला.

"मलप्पा, थांब." बाई ओरडल्या. मुलांनी त्यांना चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "शेषा, तुझ्या आजीची गोष्ट सांग. सगळ्यांना ऐकू येईल अशी."

ती गोष्ट शेषेराव दर वर्धापनदिनी अभिमानानं सांगत. आजी नागुबाई बिलोलीकडून एकटी चालत आली. पहिल्याच जेवणाला कुणीतरी तिची जर्मनची, स्वस्तातल्या अ‍ॅल्युमिनियमची ताटली बाजूला काढली. ती गेली नाही. उपाशी दारात बसून राहिली. मंडळीला लाज वाटली, आणि तेव्हापासून सगळ्या ताटल्या एका ढिगात आल्या. ताटली काढणाऱ्याचं नाव मात्र कुणी कधी घेतलं नाही.

आज ते "दारात बसून राहिली" इथपर्यंत आले आणि थांबले. मग फाटकाशी गेले, मलप्पाच्या हातातून ताटल्या घेतल्या आणि ढिगाच्या मधोमध घातल्या.

पंगत बसली. शेषेराव बाईंजवळ आले. मान खाली होती, पण मनाला लागलं होतं.

"चुकलं माझं. पण बाई, चारचौघांत एवढं लावून बोलायचं? तुम्ही तर लेकरांवर बी कधी ओरडल्या न्हाईत. हळूच सांगितलं असतं तर ऐकलं नसतं का मी?"

"हळूच?" उमाबाई म्हणाल्या. "नागुबाईची ताटली ज्यानं काढली तो माझा बाप होता. मी आठ वर्षांची होते. शेजारीच उभी होते, अन् गप बसले होते."