बटणावरची पाटी

रिकाम्या खोलीत बटण चालू दिसलं की बाबांच्या हाताला चैन पडत नसे. तीस वर्षं वायरमन होते ते. आणि लेकीच्या प्रबंधाचं गणित घरच्या कॉम्प्युटरवर नऊ दिवस अखंड चाललेलं. मध्येच बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून.

"बाबा, आज मी दिवसभर बाहेर आहे. त्याला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे!"

"अगं, पण तू नसताना ते चालू कशाला?"

"माझंच काम करतंय ते."

संध्याकाळी घरात शिरताच ती थेट कॉम्प्युटरकडे गेली. कॉम्प्युटर चालू होता. जोडीदार खांबावर चढला की बाबा खाली स्विचला जी पत्र्याची पाटी अडकवायचे, ती बटणावर लटकत होती: 'हात लावू नये. माणूस कामावर आहे.'

त्यातलं 'माणूस' खोडून बाबांनी खडूनं लिहिलं होतं, 'माझी लेक'.