तीन ठिपके

सुझाननं वर्तमानपत्राची पुडी काउंटरवर उलगडली. आत जळून काळंठिक्कर पडलेलं चाकाचं बेअरिंग होतं.

“हेच जाम झालं आणि पिकअप उलटली,” ती म्हणाली. “माझ्या नवऱ्याचा, प्लासिडचा, पाय गुडघ्याखाली काढला. आता एवढंच सांगा सदानंदभाऊ, त्याच्या गाडीत घातलेलं हे बेअरिंग तुमच्या दुकानातलं का?”

वालीवमध्ये सदानंदचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान सतरा वर्षं होतं. एकदा कुणीतरी दुसरीकडचं बेअरिंग त्याच्या माथी मारून नवं बदलून नेलं. तेव्हापासून विकलेल्या प्रत्येक बेअरिंगच्या कडेला तो तीन ठिपके कोरायचा, भांड्यांवर नावं घालतात त्या मशीननं. फसवणारा पकडावा, एवढाच हेतू. गिऱ्हाइकं मात्र ठिपके बघून माल घ्यायला लागली. ठिपके म्हणजे अस्सल, ही ख्याती सुझानच्या भुईगावपर्यंत पोचली होती.

“अल्पेश मेकॅनिक पोरीची शपथ घेतो, इथूनच आणलं म्हणून. प्लासिड म्हणतो, शक्यच नाही. अल्पेशनं स्वस्तातलं घातलं आणि पैसे तुमच्या मालाचे घेतले. तुम्ही नाही म्हणालात की आम्ही पोलिसात जाणार.”

सदानंदनं चिंधी रॉकेलमध्ये बुडवून कड पुसली. काजळी गेली. तिच्याबरोबर कंपनीचं नावही चिंधीला लागून आलं. अस्सल मालावर नाव कोरलेलं असतं. हे नुसतं छापलेलं होतं. शेजारी तीन ठिपके लख्ख राहिले.

दिवाळीआधी एक नवा माणूस दुकानात माल द्यायला आला होता. डबा, सील, सगळं चोख. भाव थोडा कमी. सदानंदनं जास्त विचारलं नव्हतं.

त्याचा अंगठा ठिपक्यांवर गेला.

“डुप्लिकेट आहे,” तो म्हणाला. तेवढं खरं होतं. मग म्हणाला, “आमचं नाही.”

“बघा! नाताळला आमच्याकडे पोटभर जेवून गेला मेला. लिहून द्याल?”

“देतो.”

त्यानं चार ओळी लिहिल्या, खाली सही केली. जळकं बेअरिंग भंगाराच्या डब्यात टाकलं. तिनं अडवलं नाही. तिला ते डोळ्यांसमोर नको होतं.

“आता नवं द्या. गाडी दुरुस्त होतेय. सोमवारपासून माझा दीर चालवणार, निकोलस.”

सदानंदचा हात वरच्या फळीवरच्या दुसऱ्या कंपनीच्या डब्यांकडे गेला.

“ती कंपनी नको,” सुझान म्हणाली. “प्लासिडनं आधीचीच सांगितलीय. फक्त खरी.”

आधीच्या कंपनीचे डबे खालच्या फळीवर होते. सगळे दिवाळीआधीचे, त्याच माणसाकडचे. नाही म्हणावं तर का, ते सांगावं लागलं असतं. सदानंदनं एक डबा काढला.

“आणि ठिपके विसरू नका हां. तेवढे बघूनच घे म्हणाला.”

मशीन घरघरलं. एक. दोन. तीन.

सुझाननं ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि त्याच बोटानं कपाळावर क्रूसाची खूण केली.

“आता निकोलसची काळजी नाही,” ती म्हणाली.