पाठमोरी

मुलीला काहीही विचारलं की उत्तर आईच द्यायची. तेरा वर्षांची सावनी मान खाली घालून बसली होती. डब्लिनच्या समुपदेशन केंद्रात आज शर्वाणीची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि तिला शिकवणाऱ्या बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. अशा वेळी पालकांना बाहेर पाठवायचं आणि मुलांशी समोरासमोर बोलायचं, ही त्यांची शिकवण.

इथल्या शाळेत शर्वाणीही नजरेला नजर देऊन बोलायला शिकली होती. पण त्याआधी, कराडच्या शाळेतली सगळी रडगाणी तिने आईला सांगितली होती ती पाठमोरी बसून, वेणी घालून घेताना.

तिने पर्समधून कंगवा काढला. "काकू, हिची वेणी सुटलीये. जरा घालून देता?"

बाईंच्या भुवया उंचावल्या. शर्वाणीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

आई लेकीच्या मागे बसली. केसांतून कंगवा फिरू लागला. वेणी होत आली तेव्हा सावनी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "आई, शाळेत माझ्याशी कुणीच बोलत नाही गं."

आईचे हात थांबले. "मग?" एवढंच ती म्हणाली. होत आलेली वेणी तिने मोकळी केली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.