रिकामं चालणार नाही

म्हाताऱ्यांच्या देखभालीच्या ॲपमध्ये शिवदासने 'नातेवाईकाचा फोन' या रकान्यावर 'नॉट नल' ठोकून दिलं. म्हणजे रकाना रिकामा असला की नाव नोंदवलंच जाणार नाही, आणि ॲप मध्येच कोसळणार नाही.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरची हिरा म्हणाली, "अरे, एखाद्याला कुणीच नसलं तर?"

"नसेल कसं? आभाळातून टपकलाय का तो? तुझं आपलं काहीतरीच."

ॲप सुरू झालं, कुठेच अडलं नाही. शिवदास कॉलर ताठ करून फिरायला लागला.

मग एका दुपारी आंग मो किओ भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, जेवताना फोन आला. हॉस्पिटलची नर्स होती. "लिम अंकलचं काही खरं नाही. नातेवाईक म्हणून तुमचाच नंबर आहे."

शिवदासचा घास तोंडातच राहिला. ज्यांना कुणीच नाही, त्यांच्या रकान्यात नोंदणीवाली पोरं ॲपच्या मदतीचा नंबर टाकून मोकळी होत होती. आणि तो नंबर त्याचा होता.

"सिस्टर, काहीतरी चूक झालीय. मी त्यांना ओळखतही नाही."





"आम्ही त्यांना सांगितलं, तुमचं माणूस येतंय. तेव्हापासून दाराकडेच बघतायत."