भोंग्यातली घूं

मोरूने माइकची वायरच उपटून हातात घेतली, तरी मांडवाच्या बांबूवरचा भोंगा 'घूंऽऽ' करतच राहिला. आता मात्र त्याची मती गुंग झाली. माइक नाही, माणूस नाही, मग हे घुमतंय कोण?

समोर त्याची आई मनुबाई मांडी घालून शांत बसली होती. कोळीवाड्यातली ती शेवटची धवलारीण. तिने धवला गायचा आणि त्या गाण्यावर हळद लागायची, अशी रीत. गाणं मधेच तुटलं तर अपशकुन. दोन वर्षांपूर्वी जोडीदारीण जाईबाई वारली, तेव्हापासून एकटी गाताना मनुबाईचा धवला दोन लग्नांत तुटला होता. नवऱ्यामुलाचे काका गुणाजी यांनी सकाळीच तोंडावर सांगितलं होतं, "मोरू, आज आयचा धवला तुटला, तं पुढं भटजी नि कॅसेट. मंग मना बोल लावाचा नाय."

मोरूच्या मते आईचं वय झालं होतं. आवाज पोचत नाही, म्हणून ती ताण देते आणि अडकते. लग्नात भोंगे लावायचा तर त्याचा धंदाच. उपाय एकच, आवाज वाढवणारं मशीन चांगलं हवं. त्याचं जुनं मशीन व्हॉल्व्हचं. आवाज गोड, पण जोर मांजरीचा. कल्याणहून आणलेलं नवं ट्रान्झिस्टरचं. जोर भरपूर, पण आईचा आवाज त्यातून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा निघे. मग पठ्ठ्याने डोकं लढवलं. माइकचा आवाज आधी जुन्या व्हॉल्व्हमधून काढायचा आणि तिथून नव्या मशीनला द्यायचा. गोडी याची, जोर त्याचा. पण दोघांचं पटेना. जोडल्या क्षणापासून घूं सुरू.

गंमत म्हणजे काल घरी या घूंमध्येच मनुबाईने अख्खा धवला न अडखळता म्हटला होता. एवढ्या गोंगाटात असं गाते, तर स्वच्छ आवाजात काय गाईल, असं म्हणून मोरू आणखीच इरेला पेटला होता.

शेवटी कारण हाती लागलं. दोन्ही मशीनना आपापली अर्थिंग होती, आणि दोघांना जोडणाऱ्या वायरीवरच्या तारांच्या जाळीतून ती एकमेकींना भिडत होती. त्याने जाळीचं एक टोक सोडवलं. घूं गप्प. माइक परत जोडताना मोरूला आभाळ ठेंगणं झालं.

बायका हळदीची वाटी घेऊन उभ्या राहिल्या. मनुबाईने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. गुणाजीकाका मोठ्याने खाकरले. मोरू धावत आईजवळ गेला.

"ते घुमत व्हतं, ते कुठं जेलं रं?" तिने विचारलं.

"काढलं, आये. लय मुश्किलीनं."

"परत लाव."

मोरूला पटेना. भर मांडवात बिघडलेलं मशीन वाजवायचं? उद्या त्याला काम कोण देणार? पण आई काही सुरू करीना. त्याने चडफडत जाळी पुन्हा जोडली. भोंगा घुमू लागला आणि मांडवातल्या पोरी कानावर हात ठेवून हसल्या.

मनुबाईने धवला उचलला. पहिली ओळ संपली. ती श्वासाला थांबली. पण गाणं तुटलं नाही. रिकाम्या जागेत भोंग्याने सूर धरून ठेवला होता, जाईबाई मागून धरायची तसा. मनुबाईने दम घेतला आणि त्याच सुरावरून पुढची ओळ उचलली. मोरूला एकदम रडूच आलं. दोन वर्षं तो आईला जोर देत होता, आणि तिला हवी होती सोबत.

नवऱ्याच्या गालाला हळद लागली. तेवढ्यात गुणाजीकाका तरातरा मशीनपाशी आले.

"अरे, घुमतंय ना तुझं मशीन! बंद कर, नायतं पुढच्या लग्नाला दुसरा माणूस आनीन!"

मोरूने डोळे पुसले आणि बटणावर आडवा हात धरला.

"आना की काका," तो म्हणाला. "आये गात असंल तवा मशीन कसं बिघडवाचं, ते मीच शिकवीन त्याला."