आपोआप बदलणारं पाणी

डॉक्टरांनी हात टेकल्यावर श्रीपादने उरलेले दिवस बैठकीतल्या खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीला दिले. आपल्यामागे बायकोला, शरयूला, पाणी बदलायला बादल्या उचलाव्या लागू नयेत, म्हणून धाप लागत असतानाही तो पंप आणि नळ्या जोडत बसायचा. ती दोन शब्द बोलायला शेजारी येऊन बसली, की तो पाना मागायचा.

आज जुनं पाणी आपोआप बाहेर गेलं, नवं खारं पाणी आत आलं आणि प्रवाळं डोलू लागली.

"बस, झालं! आता तू हात नाही लावलास तरी मासे जगतील."

"छान झालं हो," म्हणत शरयूने त्याचा घाम पुसला.



तो गेल्यावर त्या माशांकडे एकटीने बघवणार नाही, म्हणून टाकी घेऊन जायला तिने नई सडकवरच्या शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला कधीच सांगून ठेवलं होतं.