वीजमानवाचा आवाज

डिस्क आत सरकली, घरघरली आणि चक्क चालू झाली. डॉक्टर दमयंतीचा जीव भांड्यात पडला. सौदीतल्या खमीस मुशैतच्या त्या हॉस्पिटलात पेशंटना सीटी स्कॅनच्या सीडी करून देत, म्हणून रेडिओलॉजीच्या खोलीतल्या एका जुनाट कॉम्प्युटरला अजून सीडी-डीव्हीडीची खाच होती. बाकी घरात, शेजारीपाजारी, अख्ख्या बिल्डिंगीत ती कोणाकडे उरली नव्हती. शुक्रवारची दुपार. डिपार्टमेंटला चिटपाखरू नव्हतं. शेजारच्या खुर्चीत नऊ वर्षांची तन्वी मांडी घालून बसली होती.

"आई, फॉरवर्ड नको हां करू. बाबाचं एक पण वाक्य मिस नाही करायचं."

'वीजमानव २'ला थिएटर कोणी दिलं नव्हतं. वर्षभर डब्यात पडून राहिल्यावर तो थेट डीव्हीडीवर निघाला. हॉस्पिटलातली सिस्टर अलका गावाकडच्या सुट्टीवरून परत येताना साड्यांच्या घडीत जपून ती घेऊन आली होती. कव्हरवर चंदेरी मुखवट्याचा, फुगवलेल्या दंडांचा हिरो होता. गडी मुळात पैलवान. तोंड उघडलं की लोक हसायचे. म्हणून पहिल्या भागात त्याला आवाज दिला होता प्रसादने, दमयंतीच्या नवऱ्याने. सिनेमा बेतास बात होता, आवाज मात्र गाजला. गल्लीबोळातली पोरं त्याच्या नकला करायची. प्रसाद शेजारून गेला तरी कोणी त्याला ओळखायचं नाही, आणि त्यालाच त्याची मोठी गंमत वाटायची.

गेल्या वर्षी दमयंतीने त्याच्यासाठी व्हिजिट व्हिसा काढला. प्रसाद आला नाही. आज निघतो, उद्या निघतो. "दुसऱ्या भागाचं डबिंग चालू आहे गं," तो ठाण्याहून फोनवर सांगायचा. "मी तिकडे आलो तर वीजमानव बोलणार कोणाच्या तोंडाने?" इतका खुशीत बोलायचा की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तीन महिने हेच. व्हिसाची मुदत संपली त्या दिवशी तिचा तोल गेला. "बायको-पोरीपेक्षा तुला तो मुखवटा प्यारा. राहा मग त्याच्यातच!" असं म्हणून तिने फोन ठेवला, आणि पुन्हा उचलला नाही.

चार दिवसांनी प्रसाद गेला. हार्ट अटॅक. घरात एकटाच होता. तिचे देशाबाहेर जाऊन परत यायच्या परवानगीचे, एक्झिट री-एंट्रीचे कागद हातात पडेपर्यंत तिकडे सगळं आटोपलं होतं.

रडणं तिला झेपलं नसतं, म्हणून ती रागावून राहिली. त्या रागाच्या आधारावर तिने वर्ष काढलं. आता तिला एकदाच ऐकायचं होतं, आपल्याला सोडून हा माणूस जे करत बसला होता ते होतं तरी काय. निदान ते चांगलं झालेलं असावं, एवढंच तिचं मागणं होतं. तन्वीने तर वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पडद्यावर वीज चमकली. वीजमानव गच्चीवर उतरला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि बोलला.

तन्वीने मांडी सोडली. "आई, धिस इज नॉट बाबा."

नव्हताच. कोणा कोवळ्या पोराचा गुळगुळीत आवाज होता. दमयंतीने पुढचा प्रसंग लावला, त्याच्या पुढचा लावला. सगळीकडे तोच. मग तीन महिने प्रसाद होता कुठे? क्षणभर नको नको ते तिच्या मनात येऊन गेलं, आणि तिची तिलाच लाज वाटली. तिने सरळ शेवट गाठला. नावं भराभर वर सरकत होती. 'वीजमानवाचा आवाज' यापुढे भलतंच नाव होतं. स्कॅनमधली बारीक गाठ शोधावी तसं ती एकेक ओळ थांबवून वाचत गेली. चहा-नाश्ता देणाऱ्यांच्या नावांच्या जरा वर, मुंगीएवढ्या अक्षरांत प्रसाद सापडला. 'गर्दीचे आवाज : प्रसाद.' आडनावसुद्धा नाही. हिरोचं काम त्याच्या हातून गेलं होतं. त्याने ते सांगितलं नव्हतं, आणि तसं तोंड घेऊन बायकोच्या दारात यायला त्याचा जीव धजला नव्हता.

"गर्दीचे म्हणजे?" तन्वीने विचारलं.

दमयंतीने सिनेमा मागे नेला आणि गर्दीचा प्रसंग शोधला. एक पूल कोसळत होता. माणसं दाखवायला निर्मात्याकडे माणसं नव्हती. नुसता धुळीचा लोट होता आणि त्यामागून येणाऱ्या हाका. कोणी म्हातारा विव्हळत होता, कोणी रिक्षावाला बोंबलत होता, कोणी तरणा पोरगा आईला हाक मारत होता. दहा-बारा गळे, आणि सगळ्या गळ्यांत प्रसाद.

तन्वी खुर्चीवर उभी राहिली. "बाबा! आई, ऐक ना, सगळे बाबाच आहेत!" ती टाळ्या पिटू लागली.

दमयंतीने टेबलाची कड घट्ट धरली. वर्षभर सांभाळलेला राग तिच्या हातून सुटून गेला आणि खाली उभं राहायला काही उरलं नाही. ही कामं करून घरी गेल्यावरच तो रोज तिला फोन करायचा आणि हसत हसत वीजमानवाच्या गप्पा मारायचा. फोनवरचा तो हसरा आवाजच डबिंगचा होता. प्रसादचा स्वतःचा आवाज इथे होता, धुळीच्या लोटाआड, जीव तोडून ओरडत होता: "कोणी आहे का? अरे, कोणीतरी वाचवा!"